आधी वाक, मग बोल

माझ्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. शिलाई मशीनवर कापड नसलं तरी माझा पाय पायडलवर चालूच असतो, आणि मशीन रिकामी खडखडत राहते. यवतमाळात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण वैतागून म्हणते, "अवं बाई, रिकामी मशीन कायले दामटून राह्यली?" तिला काय सांगू? ही खोड जन्माची नाही. माझ्या धाकट्या भावाला दहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ती लागली, आणि त्याचं अपील नागपूरच्या हायकोर्टात पडून होतं तोवर अंगात पुरती मुरली.

शिक्षा कशाची, तर हत्यारासह जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न. हे शब्द मी आज सरळ म्हणते. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून निघत नव्हते. कोणी विचारलं की "ते एक कोर्टाचं हाये" म्हणून मी विषय बदलायची, आणि विचारणाऱ्याला सगळं आधीच माहीत असायचं.

आमचा तांडा महागाव तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत. पणजोबांच्या काळात बैलांवर मीठ लादून मुलुख हिंडणारी आमची माणसं आता एका जागी बसून कापूस पेरतात. माझा बाप, म्हणजे बापू, तांड्याचा नायक. तांड्यात तंटा झाला की नसाब बसते, म्हणजे आमची पंचायत. देवळापुढच्या ओट्यावर नायक आणि पंच बसतात, बाकीचे खाली, बायका मागं उभ्या.

आता या नसाबीचा रिवाज नीट सांगते, कारण त्या रिवाजानंच आमचं घर बुडवलं. आमच्या तांड्यात ज्याची तक्रार असेल तो आणि ज्याचं नाव आलं असेल तो, दोघंही आधी उठतात. पंचांचे पाय धरतात, मग एकमेकांचे पाय धरतात, "माफ करा" म्हणतात. मग नायक एकेकाकडं बघून म्हणतो, "आता बोल." त्यानंतरच तोंड उघडायचं. आधी वाक, मग बोल. वाकून उठलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, असं बापू सांगायचा, आणि ते खरंच होतं; मी कितीतरी कुऱ्हाडीवर आलेली भांडणं त्या ओट्यासमोर चहावर मिटलेली पाहिली आहेत. पाय धरले म्हणजे गुन्हा कबूल केला, असं आमच्याकडं शेंबडं पोरही म्हणणार नाही. वाकणं ही सुरुवात असते. खरं बोलणं पुढं असतं.

कापसाची ती वर्षं वाईट होती. औषधाच्या वासानं शेतात उभं राहवत नव्हतं आणि बोंडातली अळी मात्र मजेत होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. शहरातला एक व्यापारी टेम्पो आणि वजनकाटा घेऊन गावोगाव फिरायचा, दारातच कापूस घ्यायचा. त्याच्या बापाच्या काळापासून ती माणसं आमच्या तांड्यात येत होती. त्या वर्षी माझ्या भावाला काट्यात गडबड दिसली. तो आमच्यातला तापट. म्हणजे माझ्याखालोखाल तापट. त्यानं सगळ्यांदेखत व्यापाऱ्याची कॉलर धरली, टेम्पोत चढवलेला कापूस खाली ओढला, आपल्या बैलगाडीत भरला आणि गाडी घेऊन महागावच्या सरकारी खरेदी केंद्रावर गेला.

तिथं गाड्यांची रांग गावाबाहेर गेलेली. माणसं गाडीखालीच झोपायची, गाडीखालीच जेवायची, रांग हलली की बैल जुंपून चार हात पुढं. भाऊ त्या रांगेत असतानाच एका संध्याकाळी तो व्यापारी मोटारसायकलनं घाटातून परतत होता. दुपट्ट्यानं तोंडं बांधलेल्या तिघांनी त्याला अडवलं, डोक्यात कुऱ्हाड घातली आणि पैशाची बॅग नेली. माणूस वाचला. त्याचं वाईटच झालं, हे मी आजही म्हणते. कुऱ्हाड कोणाच्याच डोक्यात पडू नये. पण दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, ते तिघं आपसात गोरबोली बोलत होते. गोरबोली म्हणजे आमची बोली. मग कोणीतरी त्याला आठवण करून दिली, की नुकतीच तुमची कॉलर कोणी धरली होती?

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं सुरू होतं.

पोलिसांच्या आधी व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ तांड्यात आला. जुनी ओळख, म्हणून आधी नायकाकडं. माझा भाऊही तोवर कापूस विकून परतला होता. बापूनं नसाब बोलावली. मी तेव्हा वेचणीला मदत म्हणून माहेरी आले होते. बायकांत मागं उभी होते, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. व्यापाऱ्याच्या भावाला रिवाज ठाऊक होता. तो वाकला. माझा भाऊ वाकला. दोघांनी एकमेकांचे पाय धरले, माफ करा म्हणाले. बापू म्हणाला, "आता बोल." व्यापाऱ्याचा भाऊ बोलला. मग बापूनं माझ्या भावाकडं पाहिलं, "आता तू बोल."

भाऊ म्हणाला, "मी रांगेत होतो, बापू. माह्या गाडीपुढं शिंगमोड्या बैलाची गाडी होती. तिच्या मालकाले विचारा, त्याच्या तव्यावरची भाकर मी त्या रोज संध्याकाळी खाल्ली. कॉलर धरली ते खरं हाये. कुऱ्हाड माही नोये."

व्यापाऱ्याच्या भावानं ऐकून घेतलं, चहा घेतला, राम राम केला आणि गेला. आम्हाला वाटलं मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. त्यानं पोलिसांत जबानी दिली होती, की आरोपीनं गावासमोर माझे पाय धरून माफी मागितली, गुन्हा कबूल केला. पुढचं त्यानं सांगितलंच नव्हतं. आमच्या सपरातली कुऱ्हाडही पोलिसांनी नेली. अहो, कापसाची वाळकी पऱ्हाटी तोडायला प्रत्येक घरात कुऱ्हाड असते, नसेल तर तेच घर संशयाचं!

खटला उभा राहिला आणि सरकारनं साक्षीदार म्हणून कोणाला बोलावलं, तर माझ्या बापाला. मुलगा आरोपी, बाप सरकारी साक्षीदार. बापू धुतलेलं धोतर, लाल पागोटं घालून गेला. नायकाला बोलावलं आहे, म्हणजे आपल्या शब्दाला तिथंही मान आहे, असं त्याच्या भोळ्या मनात होतं. मी मागच्या बाकावर होते.

सरकारी वकिलानं विचारलं, "तुमच्या मुलानं फिर्यादीच्या भावाचे पाय धरले?"

"धरले."

"माफी मागितली?"

"मांगितली."

"तुमच्या पंचायतीत माणूस खोटं बोलतो का?"

बापूची छाती फुगली. "नसाबीत खोटं? ना बा! कधीच नाई."

"बस, एवढंच."

आमच्या वकिलानं उठून सांगितलं, काही विचारायचं नाही. बापाची साक्ष, जेवढी कमी ताणली तेवढं बरं, असं त्याचं म्हणणं. बापू मात्र पिंजऱ्यात उभाच. शिपायानं हात दाखवला तरी उभा. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. शेवटी शिपायानं दंडाला धरून खाली आणला.

शिक्षा झाली त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. याडी, म्हणजे आमची आई, मध्ये पडत होती, पण मी कोणाला ऐकते! "बापू, तो पुढं काय बोलला ते तू काहून नाई सांगतलं? रांगेचं? शिंगमोड्या बैलाचं?"

बापूनं माझ्याकडं पाहिलं. "मी थांबलो होतो ना, माय. कोनी 'आता बोल' म्हनलंच नाई."

त्याला वाटलं होतं, पाय धरल्याचं विचारून झालं, आता तिथला नायक, म्हणजे जज, म्हणेल, आता बोल. तो त्या दोन शब्दांसाठी उभा होता. सगळा जन्म ते शब्द त्यानं दुसऱ्यांना दिले होते, आणि त्याच्या पाळीला कोणी दिले नाहीत. त्या दिवसानंतर बापू ओट्यावर चढला नाही. नसाब कारभारी, म्हणजे नायकाच्या हाताखालचा माणूस, चालवायचा, बापू घराच्या मागं दोऱ्या वळत बसायचा. इतक्या दोऱ्या, की बांधायला ढोरं कुठून आणायची!

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणी नव्हतेच, म्हणून चढले. बापू तांड्याबाहेर पडेना, याडीला यवतमाळच्या पुढं रस्ता माहीत नव्हता. राहिले मी. आमचे हे म्हणाले, "जा तू. नाईतरी घरी तू बसत नाईस." नागपूरला एक वकील मिळाला. पन्नाशीचा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, बोलायला संथ. मी दहा वाक्यं बोलायची तेव्हा तो एक बोलायचा.

अपील दाखल झालं. मला वाटलं होतं, दाखल झालं म्हणजे आता कोणीतरी वाचेल. कसलं काय! जामीन नाकारला आणि अपील रांगेला लागलं. तीही रांगच, फक्त तिथं बैल नव्हते. मी एसटीनं नागपूरला जायची, कोर्टाबाहेरच्या बोर्डावर लावलेल्या कागदांवर आमचा नंबर शोधायची. कधी नंबर असायचा पण पाळी यायची नाही. कधी पाळी यायची आणि सरकारी वकील वेळ मागायचे. कधी नंबरच नसायचा, तरी मी सगळे कागद खालपासून वरपर्यंत वाचायची, न जाणो नजर चुकली असेल. चौकीदार मला ओळखायला लागला. "बाई, आज नाही तुमचं," लांबूनच सांगायचा. मला त्याचाही राग यायचा. याला काय कळतं, आज आहे का नाही!

मधल्या दिवसांत मी शिंगमोड्या बैलाचा मालक शोधायला निघायची. भावाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. रांगेत कोण कोणाला नाव विचारतो? गाडी ओळखायची ती बैलावरून. डाव्या शिंगाचं टोक नाही, रंग तांबडा, मालक बोलताना डोळे मिचकावतो, एवढ्यावर मी महागावचा बाजार पालथा घातला, नेरचाही घातला. नेरला एक दलाल हसून म्हणाला, "बाई, बैल पाह्यजे का बैलवाला?" मी त्याला असं काही बोलले की ते इथं लिहीत नाही. त्या वर्षांत माणसं बैल विकून मोकळी होत होती. तांबडा बैल कोणत्या बाजारातून कुठं गेला, कोण सांगणार? तरी मी रस्त्यानं दिसेल त्या प्रत्येक तांबड्या बैलाच्या डाव्या शिंगाकडं बघायची. एसटीच्या खिडकीतूनसुद्धा.

वकिलाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, सापडला तरी आता काय उपयोग? वरच्या कोर्टात साधारणपणे नवा साक्षीदार चालत नाही. खाली जे लिहिलं गेलं, तेवढ्यावरच इथं बोलायचं."

"मंग खाली नाई लिहिलं ते गेलं पान्यात?"

"तसंच समजा."

असा राग आला मला! ज्यानं तो नियम केला त्याचा भाऊ कधी आत बसला नसणार.

तुरुंगात भावाला भेटायला जायची तेव्हा तो मला सबुरी शिकवायचा. तो, तापट पोरगा, मला! जाळीपलीकडून विचारायचा, "पराटी कशी हाये औंदा? बापू काय करून राह्यला?" मी म्हणायची, दोरी वळून राह्यला. तो मान खाली घालायचा. एकदा माझ्यासमोरच दुसऱ्या कैद्याच्या पायावर त्याचा पाय पडला. तो माणूस कळवळला, शिवी घातली. भावानं पाय उचलला, पण तोंडातून शब्द काढला नाही. मी म्हणाले, "अरे, माफ कर म्हन की त्याले."

"नाई म्हनत."

"काहून?"

"एकदा म्हनलो तं दहा वर्सं देल्ली, बाई. आता नाई म्हनत."

परतीच्या एसटीत मी रडले नाही. पुढच्या बाकाच्या दांड्यावर बोटं वाजवत राहिले, शेजारचा माणूस उठून दुसरीकडं जाऊन बसेपर्यंत.

मग एक दिवस, बोर्डावर नंबर होता पण पाळी आली नव्हती, तेव्हा वकील मला कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर म्हणाला, "ताई, बाकी पुराव्यात दम नाही. अंधार पडत आलेला, तोंडं बांधलेली, कुऱ्हाडीवर रक्त नाही. तुमच्या भावाला अडकवलंय ते या माफीनं. मला एक सांगा, केलं नव्हतं तर पाय कशाला धरले त्यानं?"

इतक्या दिवसांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. खालच्या वकिलानं नाही, पोलिसांनी नाही. मी बोलत सुटले. नसाब, ओटा, वाकणं, आता बोल, सगळं. चहा निवला. "अन् साहेब, एकट्या माह्या भावानं थोडीच धरले? व्यापाऱ्याच्या भावानंबी धरले ना! दोघंही धरतेत. त्याशिवाय बोलाची पाळीच येत नाई."

वकिलानं खर्रा थुंकला. माझ्याशी बोलताना तो पहिल्यांदाच थुंकला असेल. "दोघंही?"

"मंग! तक्रारवाला नाई वाकला तर नायक त्याले उठवून देते."

"हे खाली कोर्टात कोणी बोललंय का?"

मला काय माहीत! मी मागच्या बाकावर बसून दात खात होते. कोण काय बोललं त्यातलं मला बापूचं तेवढं लक्षात होतं. तो म्हणाला, बघतो. आणि गेला. मी तिथंच टपरीवाल्याच्या बाकाभोवती फेऱ्या घालत राहिले, तो म्हणाला, "बाई, बसा नाही तर जा, गिऱ्हाइकाला चक्कर येते."

पाळी आली तेव्हा पऱ्हाटीला बोंडं लागायचे दिवस होते. कोर्टाच्या त्या मोठ्या खोलीत मागच्या बाकावर मला जागा मिळाली. सगळं इंग्रजीत चाललेलं. आरोपी तिथं नसतोच. ज्याचं आयुष्य टांगलेलं तो तुरुंगात बसलेला, आणि इथं काळे गाऊन फडफडत होते. सरकारी वकील बोलले, त्यात मला 'कन्फेशन' तेवढं कळलं, आणि ते चारदा आलं. मी पाय हलवत होते. शेजारच्या बाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी तो बाजूला केला.

मग आमचा वकील उठला. थोडं इंग्रजी बोलला, कागद उलटला, आणि एकदम मराठीत वाचायला लागला. व्यापाऱ्याच्या भावाची उलटतपासणी. "हे म्हणणे खरे आहे की, पंचायतीच्या रिवाजाप्रमाणे मीसुद्धा आरोपीचे पाय धरून माफी मागितली होती. हे म्हणणे खरे आहे की, त्यानंतर आरोपीने आपण त्या संध्याकाळी महागाव येथे असल्याचे सांगितले."

मी जागेवरून अर्धी उठले. म्हणजे हे खाली बोललं गेलं होतं! खालच्या वकिलानं विचारलं होतं, त्यानं उत्तर दिलं होतं, टाइप झालं होतं, आणि निकालात कोणी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. मी स्वतः त्या खोलीत होते.

न्यायमूर्ती म्हणाले, "परत वाचा." वकिलानं परत वाचलं. मग ते सरकारी वकिलांकडं वळून मराठीतच म्हणाले, "आरोपीनं पाय धरले म्हणजे गुन्हा कबूल केला. मग तुमच्या या साक्षीदारानंही पाय धरले होते. त्यानं कोणता गुन्हा केला होता?"

खोलीत हशा पिकला. काळे गाऊनवाले हसले, सरकारी वकील स्वतःही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भावाची उमेदीची वर्षं गेली, बापाचा ओटा सुटला, आणि ही माणसं हसतात! नंतर वकिलानं समजावलं, "ताई, तो हशा झाला तिथंच आपण जिंकलो." असेल. पण तो हशा मला आजही आवडत नाही.

निकाल तिथंच सांगायला सुरुवात झाली, इंग्रजीत, टायपिस्टला एकेक शब्द सांगत. मी आमच्या वकिलाच्या मानेकडं बघत होते. संपलं तेव्हा त्यानं मागं वळून मान हलवली. आता ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, काही कळेना! मी बाकं ओलांडत बाहेर धावले.

"सुटला, ताई."

"निर्दोष?"

"संशयाचा फायदा देऊन निर्दोष."

"फायदा? कोनाचा फायदा? माह्या भावाचा काय फायदा झाला हो याच्यात?"

तो हसला. मी रस्त्यावर त्या भल्या माणसाशी भांडत होते, आणि भांडता भांडता रडायला लागले. ज्यानं खरंच कुऱ्हाड घातली तो कधीच सापडला नाही. त्या व्यापाऱ्यालाही न्याय मिळाला नाही, हेही मला तेव्हाच, त्या रडण्यातच, सुचलं.

कागद तुरुंगापर्यंत जायला वेळ लागला. तोवर मी मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाच्या पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मग भाऊ बाहेर आला. हातात पिशवी, कानाजवळ केस पिकलेले. एसटीत तो खिडकीशी बसला आणि शेतं बघत राहिला. फाट्यावर उतरून आम्ही पायी तांड्यात आलो. याडी दारातच होती. तिनं त्याच्या कानशिलावरून हात ओवाळून बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाली, "बापू घरी नाई. ओट्यावर हाये. नसाब बोलावली त्यानं."

मला वाटलं, सुटका झाली म्हणून नारळ फोडायला बोलावली असेल. आम्ही गेलो तर सगळा तांडा जमलेला. पंच वर बसलेले, कारभारीही होता, पण नायकाची जागा मोकळी. बापू खाली उभा होता. ज्याचं नाव आलं तो उभा राहतो, तिथं.

कारभारी अवघडून म्हणाला, "नायक, वर या ना."

"आज माहंच नाव हाये," बापू म्हणाला. "तक्रार माह्या पोराची हाये. त्यानं केली नाई, तरी हाये."

तो पंचांपुढं वाकला. मग वळून माझ्या भावाकडं आला. गुडघे दुखरे, त्यानं एक हात जमिनीवर टेकला आणि बापानं पोराचे पाय धरले. मागं बायकांमधून "अरे देवा" असा आवाज आला. याडीनं पदर तोंडात कोंबला.

"माफ कर," बापू म्हणाला.

आता रिवाजाप्रमाणे भावानंही वाकायचं होतं. तो वाकला नाही. सगळे बघत होते. मी मनात म्हणत होते, वाक रे बाबा, एकदा वाक, बाप आहे. तो तसाच उभा. बापू उठला, हात जोडून उभा राहिला आणि थांबला. आणि मला कळलं तो कशासाठी थांबला आहे. पुढचे शब्द नायकानं म्हणायचे असतात, आणि नायक तर खाली उभा होता. वर बसलेल्यांपैकी कोणाची जीभ रेटेना. तो कोर्टात थांबला होता तसाच थांबला होता, लाल पागोटं, हात जोडलेले.

भाऊ खाली बसला. बापाच्या पायाशी, मातीत मांडी घालून.

"बापू," तो म्हणाला, "आता बोल."

बापूनं घसा साफ केला. आणि नसाबीत साक्ष देतात तशा खालच्या आवाजात, पंचांकडं बघत, एकेक शब्द सुटा करून त्यानं सुरुवात केली. "माह्या पोरानं पाय धरले. मंग तो बोलला. तो बोलला का, मी त्या संध्याकाळी कापसाच्या रांगेत होतो. माह्या गाडीपुढं शिंगमोड्या बैलाची गाडी होती..."

त्यानं सगळं सांगितलं, भाकरीसकट. काही सोडलं नाही. मी बायकांमधून पुढं आले आणि भावाशेजारी मातीत बसून ते शेवटपर्यंत ऐकलं.